जुन्नर–नाणेघाट रस्त्याचा एकत्रित विचार व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळ्यात शनिवार-रविवार आला की जुन्नरहून आपटाळे, चावंड, घाटघरमार्गे नाणेघाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोटारींची रांग लागते. येणाऱ्यांपैकी बहुतेकांना कड्यावरून वाऱ्याच्या झोताने उलटे वर उडणारे पाणी पाहायचे असते, आणि ते पाहण्याजोगे आहेच. परंतु ज्या रस्त्याने ही मंडळी येतात, तो सुमारे तीस किलोमीटरचा रस्ता स्वतःच एक ठेवा आहे, याची जाणीव ना प्रवाशांना होते, ना त्याच्या कामाची अंदाजपत्रके करणाऱ्यांना.

आपटाळे सोडले की माणिकडोह जलाशयाचे पाणी दिसू लागते. पुढे चावंडचा कातळ उभा राहतो. 1818 मध्ये इंग्रजांनी हा किल्ला घेतल्यावर त्याच्या पायऱ्या उडवल्या, त्यामुळे आजही वरची चढण जपून करावी लागते. वाट थोडी वाकडी केली तर पूर गावी कुकडी नदीचा उगम आणि कुकडेश्वराचे कोरीव दगडी मंदिर लागते. त्यानंतर भातखाचरे, मधूनच हिरड्याची जुनी झाडे आणि समोर जीवधन किल्ला व त्याच्या शेजारचा वानरलिंगी सुळका. हिरडा हे येथील महादेव कोळी कुटुंबांचे हक्काचे उत्पन्न आहे. रस्त्याकडेचे एक झाड तोडले की एखाद्या घराची दरवर्षीची मिळकत कमी होते, हे लक्षात ठेवायला हवे.

नाणेघाटाचे महत्त्व मात्र सर्वांत मोठे. कल्याण आणि सोपारा या बंदरांतून येणारा माल याच खिंडीतून वर चढून जुन्नरला आणि पुढे पैठणला जात असे. घाटमाथ्यावर दगडात कोरलेला रांजण आहे, तो जकात गोळा करण्यासाठी होता असे परंपरा सांगते. खाली उतरल्यावर गुहेच्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय अशा यज्ञांची आणि त्या वेळी दान दिलेल्या गाईंची, हत्ती-घोड्यांची व नाण्यांची मोजदाद आहे, आणि त्यातील अंक भारतातील सर्वांत जुन्या अंकलेखनापैकी मानले जातात. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, नागनिका आणि राजकुमार यांच्या प्रतिमा होत्या. आज डोक्यावरची नावे उरली आहेत आणि खाली काही पावलांचे अवशेष. दोन हजार वर्षांपूर्वी महाराष्ट्रावर राज्य करणाऱ्या घराण्याची नावे येथे त्यांच्याच काळच्या अक्षरांत वाचता येतात, तरीही पावसापासून आडोसा म्हणून गुहेत शिरलेला पर्यटक ती न पाहताच बाहेर पडतो. काही जण तर दगडावर आपली नावे कोरतात, हे पाहून मन विषण्ण होते.

गर्दी वाढली म्हणून रस्ता सरसकट रुंद करावा, अशी मागणी अधूनमधून होत असते. कोंडीचा त्रास खरा आहे आणि पावसात रुग्णवाहिका अडकणे हे गावकऱ्यांसाठी जिवावरचे संकट आहे. परंतु त्यासाठी कातळात सुरुंग लावून हिरड्याच्या रांगा पाडण्याची गरज नाही. ठरावीक अंतरावर गाडीला बाजू देण्याइतकी जागा, मजबूत साइडपट्ट्या, डोंगराचे पाणी व्यवस्थित वाहून नेणाऱ्या मोऱ्या आणि घाटघरच्या अलीकडे वाहनतळ केला तर बराच प्रश्न सुटेल. वाहनतळापासून पुढे स्थानिक तरुणांनी चालवलेली वाहने असावीत, म्हणजे पर्यटनाचा पैसा गावातच राहील.

माझी विनंती अशी की सार्वजनिक बांधकाम, वन आणि पुरातत्त्व या तिन्ही खात्यांनी ग्रामसभांना सोबत घेऊन या संपूर्ण रस्त्याचा एकच आराखडा करावा. शिलालेखाचा मूळ पाठ आणि सोप्या मराठीतील अर्थ सांगणारा फलक गुहेच्या भिंतींना धक्का न लावता बाहेर उभारावा आणि पावसाळ्यातील सुट्ट्यांच्या दिवशी तेथे पहारेकरी नेमावा. यांपैकी फलक आणि पहारा यांसाठी मोठ्या निधीची वाट पाहावी लागणार नाही, म्हणून ती दोन कामे तरी येत्या पावसाळ्यापूर्वी व्हावीत.

आपला,
जुन्नर तालुक्यातील एक वाचक