लोणारच्या पाण्यातील सूक्ष्मजीवांसाठी एक विनंती

प्रति,
मा. मंत्री महोदय,
पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, महाराष्ट्र राज्य

महोदय, स. न. वि. वि.

लोणार सरोवराच्या संवर्धनाचा विषय निघाला की बोलणे पायऱ्या, रस्ते आणि मंदिरांच्या डागडुजीपाशी येऊन थांबते. ती कामे व्हावीतच. पण लोणारच्या पाण्याचा रंग आणि वास ज्यांनी घडवला आहे आणि ज्यांच्यावर तिथली अन्नसाखळी उभी आहे, त्या सूक्ष्मजीवांचा विचार आधी व्हावा, यासाठी हे पत्र लिहीत आहे.

उल्कापाताने बेसाल्ट खडकात पडलेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरात पाणी येते, परंतु बाहेर जाण्याची वाट नसल्यामुळे ते उन्हाने आटते आणि क्षार मागे उरतात. सूक्ष्मजीवशास्त्राचा शिक्षक म्हणून मी विद्यार्थ्यांना अनेकदा तेथे नेले. ओंजळीत घेतलेले पाणी साबणासारखे बुळबुळीत लागते, तांबडा लिटमस कागद बुडवताच निळा होतो, म्हणजे पाणी अल्कधर्मी आहे, आणि काठचा चिखल काडीने उकरला की पांढुरक्या थराखाली काळाभोर गाळ दिसतो व सडक्या अंड्यांचा वास येतो. मुले नाक दाबून ‘किती घाण पाणी’ म्हणत. तेव्हा मी सांगत असे की हा वास प्राणवायूविना जगणाऱ्या, सल्फेटवर श्वसन करणाऱ्या जीवाणूंचा आहे. त्याच गाळात काही सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात, तर दुसरे तो हवेत जाण्यापूर्वीच वापरून टाकतात. वरच्या पाण्यात सायनोबॅक्टेरिया नावाचे जीवाणू उन्हावर अन्न बनवतात, ज्यामुळे सरोवर हिरवे दिसते.

जून २०२० मध्ये हेच पाणी गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीत, खारट पाण्यात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्यामुळे हे घडल्याचे दिसले. पावसाने पाणी सौम्य झाल्यावर हे सूक्ष्मजीव तळाशी बसले आणि रंग ओसरला. त्याच वर्षी लोणारला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. क्षारांचे प्रमाण बदलताच सरोवराचा कारभार कोणाच्या हाती जातो, हे त्या उन्हाळ्याने सर्वांना दाखवले. उलट दिशेनेही तसेच होईल: गोडे पाणी आणि गावाचे सांडपाणी वाढत गेले तर सामू (पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्ल-अल्कपणाचे माप) उतरेल, इतर ठिकाणी सहज आढळणारे शेवाळ आणि जीवाणू येथे बस्तान बसवतील, आणि अल्कधर्मी पाण्याशिवाय जगू न शकणारे मूळ रहिवासी मागे हटतील. तोडलेले झाड पुन्हा लावता येते. हा समूह रोपवाटिकेत मिळत नाही.

म्हणून सांडपाण्याचा थेंबही विवरात उतरू नये, आणि प्रक्रिया केलेले पाणीदेखील तेथे सोडू नये, कारण तेही गोडेच असते आणि त्यात नत्र व स्फुरद उरलेले असू शकतात. ठरावीक जागांवर दरमहा सामू, क्षारता व विरघळलेला प्राणवायू मोजावा. प्रत्येक ऋतूत पाणी व गाळ यांचे नमुने घेऊन त्यांतील सूक्ष्मजीवांची नोंद व्हावी आणि जे वाढवता येतील ते पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात जतन करावेत. या नोंदी मराठीत लोणारमध्येच फलकावर लावाव्यात. गावकऱ्यांना त्या वाचण्याचा पहिला हक्क आहे.

पाणी सर्वांत कमी असताना घेतलेल्या नमुन्यांची पावसाळ्यानंतरच्या नमुन्यांशी तुलना करायची असल्याने, यासाठीचा आदेश येत्या मे महिन्यापूर्वी निघावा, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक