मॅडम, त्या ठिपक्यांच्या कागदाबद्दल

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार.

घरी येऊन आभार मानायला लागलं की तुम्ही चहा टाकायला उठता आणि विषय बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. तुमचं नाव यात घालत नाही, गल्लीचंही नाही. सोलापुरात अशोक चौकापासून साखर पेठेपर्यंत ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.

एकाच वर्षात आमच्या घरात दोन ऑपरेशनं निघाली. आधी दादाचं हृदयाचं, मग आत्याचं आतड्याचं. दादाच्या अँजिओग्राफीत तिन्ही रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज आले, वर साखर जुनी. बातमी फुटली आणि घरात सल्ल्यांचा बाजार भरला. "स्प्रिंग, म्हणजे तो स्टेंट, टाकून घ्या, लगेच घरी." "बायपासच करा, माझ्या साडूला पंधरा वर्षं काही झालं नाही." "इथं कशाला, पुण्याला न्या." "पुण्याला कशाला, हैदराबाद काय वाईट आहे?" मोठं दुखणं आलं की सोलापूरकराला आधी गाडीचं रिझर्व्हेशन सुचतं, दुखण्याचं नाव नंतर कळतं.

तुम्ही संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. दादाची फाईल घेऊन आम्ही तुमच्याकडे आलो ते खरं तर तुमच्या ओळखीत कुणी डॉक्टर आहे का हे विचारायला. तुम्ही फाईल उघडलीच नाहीत. म्हणालात, "मी डॉक्टर नाही. काय करा हे मी सांगणार नाही. कुणी काय मोजून ठेवलंय ते वाचून दाखवते. त्यावरून सर्जनला काय विचारायचं ते तुम्ही ठरवा." आणि साडूच्या गोष्टीवर एवढंच, की साडूचं चांगलं झालं हे उत्तमच, पण ज्यांचं चांगलं झालं नाही ते चौकात येऊन सांगत नाहीत.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो, आकड्यांना भीत नाही. पण दवाखान्यातल्या तुलना कशा करतात हे मला माहीत नव्हतं. तुम्ही विचारलंत, "एका मागावर नवं सूत आणि दुसऱ्यावर गोदामातलं जुनं सूत लावलं, तर कुठला माग चांगला हे कळेल का?" नाही कळणार. म्हणून माणसांचं सूत सारखं करायचं: कुणाला स्प्रिंग आणि कुणाला बायपास हे डॉक्टरच्या किंवा पेशंटच्या मर्जीवर न सोडता चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवायचं. नाहीतर धडधाकट लोक एका बाजूला जातात, खंगलेले दुसऱ्या बाजूला, आणि ऑपरेशनची तुलना करतोय म्हणत आपण माणसांचीच तुलना करून बसतो.

तोवर गप्प असलेला दादा तेव्हा पहिल्यांदा बोलला. "चिठ्ठी टाकून? आणि लोक तयार झाले?" तुम्ही सांगितलंत की दोन्हीपैकी काय बरं हे डॉक्टरांनाही ठामपणे माहीत नसतं तेव्हाच अशी चिठ्ठी टाकता येते, आणि सगळं समजावून, सही घेऊनच टाकतात. मधुमेह आणि एकापेक्षा जास्त रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या १,९०० माणसांनी अशी सही केली होती. त्या अभ्यासाचं नाव फ्रीडम, निकाल २०१२ मध्ये छापून आला. दादा बराच वेळ त्या १,९०० जणांचाच विचार करत होता. रात्री मला म्हणाला, "आपल्यासारखीच साखरवाली माणसं रे ती." मॅडम, या पत्रातले निम्मे आभार त्यांचे आहेत. त्यांना पत्र कुठं पाठवायचं ते माहीत नाही, म्हणून तुमच्याच पत्त्यावर.

आता तो कागद. जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून तुम्ही त्यावर दोन चौकोन आखलेत, प्रत्येकात दहा ओळी, ओळीत दहा ठिपके. डाव्या चौकोनावर लिहिलंत "स्प्रिंग", उजव्यावर "बायपास". मग लाल पेनानं डावीकडचे २७ ठिपके भरलेत आणि उजवीकडचे १९. पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अटॅक किंवा लकवा यांपैकी काहीतरी झालेली ही माणसं, अभ्यासातले आकडे २६.६ आणि १८.७ टक्के. नुसत्या मृत्यूचे वेगळे: १६.३ आणि १०.९. वहिनीला वाटलं, झालं, बायपास जिंकली. तुम्ही पेन खाली ठेवलं नाहीत. निळ्या पेनानं उजव्या चौकोनात पाच ठिपक्यांना गोल केलेत आणि डावीकडे फक्त दोनांना. "हा लकवा. बायपासमध्ये तो जास्त दिसला, ५.२ टक्के, स्प्रिंगमध्ये २.४. हेही बघून ठेवा." शिवाय त्या अभ्यासातल्या स्प्रिंगा त्या काळातल्या होत्या, आता त्या सुधारल्यात, हेही सांगून टाकलंत. आमच्या बाजूचा मुद्दा कच्चा पडतोय असं मला तेव्हा वाटलं. आमची बाजू कुठली, हे मात्र कुणी ठरवलंच नव्हतं.

वहिनीनं विचारलं, "म्हणजे हे त्या वाचलेल्या आठांतले का, मॅडम?" तुम्ही म्हणालात, "ते कुणालाच आधी सांगता येत नाही, बाई." आणि दोन्ही चौकोनांतले न भरलेले ठिपके तिच्याकडून मोजून घेतलेत. डावीकडे ७३, उजवीकडे ८१. त्या मोजण्यानं वहिनी त्या रात्री जेवली. हे मी तुम्हाला आजवर सांगितलं नव्हतं.

बायपास ठरली. मग पुढचा घोळ: हृदय थांबवून, हार्ट-लंग मशीनवर घेऊन करायची, की धडधडत्या हृदयावर? 'बीटिंग हार्ट' हा शब्द ऐकायला फार भारी वाटतो, जाहिरातीत तर विचारूच नका. तुम्ही दोन अभ्यास समोरासमोर ठेवलेत. एक अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या दवाखान्यांतला, रूबी नावाचा, २,२०३ जणांचा. त्यात पाच वर्षांनी मशीनशिवाय ऑपरेशन झालेल्यांत १५.२ टक्के दगावले, मशीनवर झालेल्यांत ११.९. दुसरा कोरोनरी, १९ देशांतल्या ४,७५२ जणांचा, ज्यात भारतातलेही पेशंट होते. त्यात पाच वर्षांनी दोन्ही गट जवळपास सारखेच. मी म्हणालो, मग खरं कुणाचं? तुम्ही निकालाचं पान मिटून आधीचं पान उघडलंत, जे आम्ही कुणी वाचलंच नसतं: सर्जन कोण होते. रूबीत मशीनशिवायच्या किमान २० शस्त्रक्रिया केलेला सर्जन चालत होता, आणि पुष्कळ ऑपरेशनं शिकाऊ डॉक्टरांच्या हातून झाली होती. कोरोनरीत त्या पद्धतीच्या १०० हून जास्त शस्त्रक्रिया केलेल्यालाच प्रवेश होता. फरकाचं सगळं कारण तेवढंच असं म्हणता येणार नाही, हेही तुम्ही बजावलंत. पण आम्हाला प्रश्न मिळाला. पद्धत कुठली हे विचारण्याआधी, त्या पद्धतीत तुमचा हात किती बसलाय, हे विचारायचं.

हा प्रश्न सर्जनसमोर विचारताना दादाच्या घशाला कोरड पडली होती. डॉक्टरला त्याचा आकडा विचारणं आपल्याकडे आगाऊपणाच समजतात. सर्जन चिडले नाहीत. आपण दोन्ही प्रकारे किती करतो ते सांगितलं, तुमचं मशीनवर करू म्हणाले आणि का तेही सांगितलं. बायपासच्या नव्या वाटेसाठी छातीतल्या दोन्ही बाजूंच्या धमन्या वापराव्यात का, हाही तुमच्याकडून लिहून घेतलेला प्रश्न होता. ३,१०२ जणांच्या अभ्यासात दहा वर्षांनी एक वापरली काय नि दोन वापरल्या काय, जगण्यात फरक दिसला नव्हता, आणि दोन वापरल्या तर मधुमेह्याची छातीची जखम नीट भरेल का ही काळजी वेगळीच. सर्जननी एकच वापरली, बाकी पायातली नस.

दादा उठून फिरायला लागतोय तोच आत्या. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, सुदैवानं लवकर सापडला. आत्याला कॅन्सरपेक्षा पोटावर लावायच्या पिशवीची जास्त धास्ती होती. तिचा गाठीचा भाग बराच वरचा होता, त्यामुळे डॉक्टरांनी पिशवीची गरज बहुधा लागणार नाही म्हटलं आणि आत्या मोकळेपणी भांडायला लागली. तिला पोट फाडून घ्यायचं नव्हतं, दुर्बिणीतून हवं होतं. काकांना वाटत होतं की फटीतून काय दिसणार, सगळं उघडून स्वच्छ काढलेलं बरं.

काकांची शंका अगदीच अडाणी नव्हती, हे तुम्ही त्यांना सांगितलंत तेव्हा ते खुर्चीत सरळ बसले. नव्वदच्या दशकात दुर्बीण आली तेव्हा सर्जनांनाही हीच भीती होती, कारण दुर्बिणीच्या छिद्रांच्या जागी पुन्हा गाठ आल्याची उदाहरणं निघाली होती. म्हणून ८७२ पेशंटवर चिठ्ठी टाकून तुलना झाली, २००४ मध्ये निकाल आला. तीन वर्षांत कॅन्सर परत आला तो दुर्बिणीच्या गटात १६ टक्क्यांत, उघड्या ऑपरेशनच्या गटात १८ टक्क्यांत, म्हणजे तसं बरोबरीचंच. दवाखान्यातला मुक्काम पाच दिवस विरुद्ध सहा. एवढ्यासाठी एवढं भांडण, असं मला वाटून गेलं. पण दर पाचांत एकाला सुरुवात दुर्बिणीनं करून शेवटी पोट उघडावंच लागलं होतं, आणि हे आत्याला आधीच सांगून ठेवा असा तुमचा आग्रह होता. भूल उतरल्यावर मोठी चीर दिसली तर कुणी फसवलं असं वाटायला नको. इथंही सर्जनना आधी २० ऑपरेशनं आणि स्वतःच्या ऑपरेशनचा व्हिडिओ दाखवल्याशिवाय अभ्यासात घेतलं नव्हतं. तुम्ही फक्त बोट ठेवलंत, काही बोलला नाहीत. आता आम्हालाच कळायला लागलं होतं.

याच सुमारास एका नातेवाइकानं दुसऱ्या शहरातल्या एका दवाखान्याचं रोबोटचं चकचकीत माहितीपत्रक आणून दिलं. दर पाहून काकांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिला. तुम्ही ४७१ पेशंटचा २०१७ मधला अभ्यास काढलात: ऑपरेशन अर्धवट सोडून पोट उघडावं लागण्याचं प्रमाण रोबोटमध्ये ८.१ टक्के, साध्या दुर्बिणीत १२.२, आणि हा फरक योगायोगानंही दिसू शकेल इतकाच. आम्ही खूश, कारण रोबोट परवडणारच नव्हता. त्यावर तुम्ही, "थांबा. हा गुदाशयाच्या कॅन्सरचा अभ्यास आहे. आत्याबाईंची गाठ तिथं नाही. आपल्या सोयीचा आहे म्हणून दुसऱ्याचा कागद आपल्याला लावायचा नाही." तुमचा राग येण्याचा तो एकमेव प्रसंग. रोबोट शेवटी नाहीच केला, पण तो परवडत नाही म्हणून, हे आम्ही सरळ मान्य केलं.

माझा सगळ्यात आवडता कागद मात्र शेवटचा. त्या अभ्यासाचं नाव चीता, २०२२ चा, भारतासह सात देशांतल्या ८१ रुग्णालयांतला, १३,३०१ पेशंटचा. पोटाचं ऑपरेशन संपवून टाके घालण्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलायचे आणि मुख्य हत्यारं नवी घ्यायची. बस. त्यानं जखमेत पू होण्याचं प्रमाण १८.९ वरून १६ टक्क्यांवर आलं. ना रोबोट, ना जाहिरात. हातमोज्यांची किंमत ती काय! इतकी साधी गोष्ट मोजून पाहायला कुणाला तरी सुचली याचंच मला कौतुक वाटतं. आत्याच्या सर्जनना भीत भीत विचारलं, तर ते हसले आणि म्हणाले, "आम्ही बदलतो. पण विचारणारे तुम्ही पहिलेच."

दोघंही आता घरी आहेत. दादा सकाळी तलावाला चक्कर मारतो, आत्या भाकरी कडक झाली नाही म्हणून सुनेवर ओरडते. हे वाचून कुणी म्हणेल, बघा, आकडे वाचले म्हणून वाचले. तसं मी म्हणणार नाही. एक माणूस म्हणजे एक ठिपका, आमच्या घरातले दोन. ऑपरेशन सर्जननी केलं, शुश्रूषा नर्सताईंनी केली, पैशाचा मोठा भार सरकारी योजनेनं उचलला. तुमच्यामुळे झालं ते वेगळंच. सहीच्या कागदावर अंगठा टेकावा तशी सही आमच्या घरात कुणी केली नाही. दादानं तो कागद चष्मा लावून वाचला, लकव्याची ओळ आली तिथं थांबला, "पाच ठिपके," असं पुटपुटला आणि मग सही केली.

तुमची फाईल परत आणून देतोय. त्यात दोन चौकोनांचा कागद नाही, तो वहिनी देत नाही. झेरॉक्स लावलीय.

आणि एक. कारखान्यातल्या एका वॉर्परच्या (मागासाठी ताणा तयार करणाऱ्याच्या) आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरतंय, एक गुडघा आधी की दोन्ही एकदम यावरून घरात रण पेटलंय. घरात तेलुगू बोलतात, पण मुलाला मराठी चांगलं येतं. रविवारी सकाळी पाठवू का? चहा करू नका म्हणून सांगितलंय त्यांना.

आपला,
शेजारचा हिशेबनीस