सत्तरीनंतरचा डाव

महोदय,

संघ चार सामने हरला, की प्रशिक्षकाच्या गच्छंतीची चर्चा क्रीडा पानावर सुरू होते. अशा वेळी अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधले (आपला फुटबॉल नव्हे, लंबगोल चेंडूचा) अमोस अलोंझो स्टॅग आठवतात. १८९२ मध्ये शिकागो विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकाचा दर्जा देऊन नेमले, त्यामुळे एखाद्या पराभवाने नोकरी जाण्याची धास्ती नव्हती. १९०५ मध्ये तर त्यांच्या संघाने मिशिगनची सलग ५६ सामन्यांची अपराजित घोडदौड रोखली. तीही अवघ्या २-० ने! मिशिगनच्या खेळाडूला चेंडूसह त्याच्याच गोलरेषेमागे आडवे पाडले, त्याचे हे दोन गुण.

पुढे संघाची रया गेली, हेही खरे. १९२४ नंतर विजेतेपद नाही. शेवटी ४१ हंगामांनंतर, सत्तरी गाठल्यावर विद्यापीठाने त्यांना निवृत्त केले. नियमावर बोट ठेवून का होईना, त्या निर्णयात मला फारसे वावगे वाटत नाही. पण स्टॅग कुठले घरी बसायला? १९३३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॉलेज ऑफ द पॅसिफिकमध्ये ते रुजू झाले आणि १९४३ मध्ये, वयाच्या ८१ व्या वर्षी, देशातले सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले! त्यानंतर पेनसिल्व्हेनियात मुलाच्या जोडीने त्यांनी आणखी काही वर्षे प्रशिक्षण दिले. १९६५ मध्ये ते वारले, तेव्हा वय होते १०२.

क्रिकेटच्या रतिबातून थोडी जागा काढून अशा प्रशिक्षकांवर सविस्तर लेख द्यावेत, ही विनंती.

– एक क्रीडाप्रेमी वाचक, सांगली