विधानसभेची तयारी करणाऱ्या नगराध्यक्षांना खुले पत्र

मा. नगराध्यक्ष,
सप्रेम नमस्कार.

आपण विधानसभा लढवणार, हे आता गावात लपून राहिलेले नाही. जरूर लढवा. पाणीपट्टीची वसुली आणि कचऱ्याच्या गाड्या यांच्याशी रोज झुंजलेला माणूस विधानसभेत असावा, असे आम्हाला मनापासून वाटते. मागणे एकच आहे: नगराध्यक्षपद आणि उमेदवारी यांचे पैसे, गाड्या आणि कागद आजपासूनच वेगळे ठेवा. आचारसंहिता लागल्यावर बघू म्हणाल, तर फार उशीर झालेला असेल.

आधी कामांचे बोलू, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश) निघाला आहे पण जागेवर काहीच सुरू नाही, असे काम आचारसंहितेत सुरू करता येत नाही. प्रत्यक्ष सुरू झालेले काम मात्र चालू राहते. म्हणून निवडणूक जाहीर व्हायच्या तोंडावर भूमिपूजनांची रांग लागते आणि खडीचा एक ढीग टाकून ‘काम सुरू’ असे दाखवले जाते. मग झालेल्या कामाची मापे लिहिण्याच्या मोजमाप पुस्तिकेत पहिली नोंद महिन्याभरानंतरची निघते आणि तक्रार झाली की तीच तारीख अंगाशी येते. निविदा, कार्यादेश आणि निधी यांपैकी एकही गोष्ट ज्या कामाची बाकी आहे, त्याचा नारळ फोडू नका. पूर्ण झालेल्या कामाचे देयक द्यायला आचारसंहितेची आडकाठी नाही, हे मुख्याधिकारी आणि लेखा विभागाच्या कानावर घालून ठेवा. छोट्या ठेकेदाराचे बिल अडले की त्याच्या मजुरांची मजुरी अडते.

पालिकेची गाडी प्रचाराला चालत नाही, वाटेत दहा मिनिटे थांबण्यापुरतीही नाही. लॉगबुकात ‘शहर पाहणी’ एवढेच मोघम लिहिण्याची सवय मोडा. सुटतानाचे आणि परततानाचे किलोमीटर, ठिकाण आणि कारण लिहायला लावा. सभेसाठी पालिकेचे सभागृह लागले, तर कोणत्याही नागरिकाप्रमाणे अर्ज करा, भाडे भरा, पावती घ्या आणि ती खर्चात धरा. आपले फोटो असलेले फलक निवडणूक जाहीर झाल्यापासून सरकारी इमारतींवरून २४ तासांत, सार्वजनिक जागांवरून ४८ तासांत उतरवावे लागतात. ते उतरवायला पालिकेचेच कर्मचारी जातात. नगराध्यक्षांच्या फलकाला हात लावताना ते कचरतात, म्हणून आधीच आपण होऊन काढून घ्या.

उमेदवारी अर्जासोबत द्यायच्या नमुना २६ मधील शपथपत्रात स्वतःच्या, जोडीदाराच्या आणि अवलंबितांच्या नावावरची सरकारी देणी लिहावी लागतात आणि त्यात मालमत्ता कराची थकबाकीही येते. नगराध्यक्षांच्या घरच्या गाळ्याचा कर त्यांच्याच पालिकेत थकलेला असेल, तर ते सगळ्यांच्या नजरेत येते. आजच कर विभागातून सर्व मिळकतींचे उतारे काढा, थकबाकी भरा. आकारणीच मान्य नसेल, तर वादातील रक्कम आणि प्रकरण कोणापुढे आहे, ते त्याच्या रकान्यात लिहा. रकाना रिकामा सोडू नका. लागू नसेल तिथे ‘निरंक’ लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर, निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी सांगूनही कोरे ठेवलेले रकाने छाननीत अर्ज बाद करू शकतात.

विधानसभेच्या उमेदवाराला खर्चाची मर्यादा ४० लाख रुपये. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंतचा खर्च यात येतो. आधी छापून ठेवलेले आणि नंतर वापरलेले साहित्यही धरले जाते. अर्जाच्या किमान एक दिवस आधी निवडणुकीसाठी स्वतंत्र बँक खाते उघडा. एका व्यक्तीला किंवा दुकानाला संपूर्ण निवडणुकीत १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊ नका. खर्चाच्या नोंदवहीचे तीन भाग असतात: रोजचा खर्च, रोकड आणि बँक. प्रचाराच्या काळात ती किमान तीनदा तपासणीला न्यावी लागते. चूक बहुधा अशी होते: वहीत ३०० खुर्च्या असतात, निवडणूक यंत्रणेच्या पथकाच्या चित्रीकरणात ८०० दिसतात आणि जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या दरसूचीप्रमाणे फरक लावला जातो. म्हणून सभा संपल्यावर त्याच रात्री मंडपवाल्याकडून खुर्च्या, पंखे, ध्वनिक्षेपक यांची सहीची यादी घ्या. दुसऱ्या दिवशी कोणाला आकडे आठवत नाहीत. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब दिला नाही, तर निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, जिंकलेल्यालाही.

पुढच्या सर्वसाधारण सभेत दोन कागद पटलावर ठेवा: आपल्या कुटुंबाच्या मिळकतींचा कर भरल्याचा दाखला आणि सुरू असलेल्या प्रत्येक कामाची कार्यादेश व प्रत्यक्ष सुरुवात या दोन तारखांसह यादी. दोन्ही पालिकेच्या फलकावर लावा. आम्ही येऊन वाचू.

आपले,
पालिकेचे लेखे आणि निवडणूक खर्च तपासणारे नागरिक