सांधेदुखीच्या केसपेपरवर बाळंतपणाचीही नोंद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिली पाळी, पहिलं बाळंतपण आणि पाळी जाण्याचं वय यांचा सांधेदुखीशी संबंध असल्याचे जनुकीय पुरावे मिळत आहेत, हे आपल्या आरोग्य पुरवणीत वाचलं. उपकेंद्रावर नोकरी केलेल्या माझ्यासारखीला या विषयाचं मोल फार वाटतं.

जनुकं जन्माआधीच ठरतात, पुढचे कष्ट किंवा गरिबी ती बदलत नाहीत. म्हणून त्यांच्या आधारे खरं कारण कोणतं आणि दोन गोष्टी नुसत्या सोबत दिसतात कुठे, यांत फरक करता येतो. तरीही पहिलं मूल कधी होतं यामागे शिक्षण, घरची परिस्थिती, लग्नाचं वय असतंच. तेव्हा ‘लवकर मूल झालं म्हणून गुडघे गेले’ असा ठपका कृपा करून कोणी बाईवर ठेवू नये.

आमवात (सांधे सुजवणारा ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस) गरोदरपणात अनेकींचा कमी होतो, हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. फिलिप हेंच यांनी १९३८ मध्येच नोंदवलं होतं. याच निरीक्षणांच्या मागावर पुढे कॉर्टिझोन या सूज उतरवणाऱ्या औषधाचा वापर आला आणि १९५० च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. पण बाळंतपणानंतरच्या काही महिन्यांत हाच आजार उसळतो किंवा पहिल्यांदा दिसतो, हे आपल्याकडे किती घरांत माहीत आहे? ओली बाळंतीण सकाळी उठते तेव्हा बोटं सुजलेली, मूठ वळत नाही, तास-तासभर सांधे मोकळे होत नाहीत, बाळाच्या लंगोटाची गाठ सुटत नाही. घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, ‘वारं लागलं, कान बांध.’ शेक-शेगडीत महिने जातात. वेळेवर औषध मिळालं तर पुष्कळ सांधे वाकडे होण्यापासून वाचतात, म्हणून हे महिने फार महागात पडतात.

दुसरी गोष्ट गर्भपिशवी काढण्याची. बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली. पिशवीसोबत अंडाशयंही काढली तर इस्ट्रोजेन हे बायकांचं संप्रेरक एकदम घटतं. या बायका डोक्यावर मोळ्या वाहतात. त्यांच्या सांध्यांचं पुढे काय होतं, हे कोण मोजतंय? या विषयावरचे बहुतेक जनुकीय अभ्यास युरोपीय वंशाच्या लोकांच्या माहितीवर बेतलेले आहेत, आपल्या बायकांच्या नव्हे.

माझी मागणी साधी आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात सांधे दुखतात म्हणून बाई आली की पहिली पाळी कधी आली, शेवटचं बाळंतपण कधी झालं, पिशवी आणि अंडाशयं आहेत का, एवढं केसपेपरवर लिहावं. बाळंतिणीच्या घरभेटीत आशाताईंनी बोटांची सूज आणि सकाळचं आखडणं विचारावं. केंद्र सरकारच्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने १० हजार भारतीयांची जनुकीय माहिती संशोधकांसाठी खुली केली आहे. यापुढच्या अशा प्रत्येक प्रकल्पात बायकांचा हा इतिहासही नोंदवला जावा, यासाठी राज्याच्या आरोग्य विभागाने आत्ताच पाठपुरावा करावा.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका, जि. बीड