बर्मिंगहॅमहून, गाठीबद्दल

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

फोनवर आई रडायला लागली की मी काहीतरी थाप मारून फोन ठेवतो. म्हणून हे कागदावर.

मी बरा आहे. पाय दुखत नाही. कधीच दुखला नव्हता, म्हणून तर सहा महिने मीही मनावर घेतलं नाही. बाबांच्या पाठीवर आहे तसलीच असेल, म्हटलं. पण बाबा, तुमची कातडीखाली सरकते. माझी मांडीच्या स्नायूत खोल होती आणि वाढत होती. ५ सेंटिमीटरच्या वर गेलेली गाठ इथे साधी धरत नाहीत. एमआरआयमध्ये ९ भरली. मग सुईने तुकडा काढून तपासला: मिक्सॉइड लायपोसार्कोमा, म्हणजे चरबीच्या पेशींचा एक कॅन्सर. तुमची ती जात वेगळी, उगाच चाचपत बसू नका.

आई, लोणी-चीजने हे झालेलं नाही. पेशीतल्या १२ आणि १६ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसात बदलले, आपोआप. तुमच्या दोघांकडूनही आलेलं नाही. "चरबी चढलीय याला" हे बाबांचं वाक्य मात्र अखेर खरं ठरलं.

काका म्हणतात, सुई लावली की पसरतो. त्यांना सांगा, सुई कुठून घालायची ते ऑपरेशन करणाऱ्या सर्जननेच ठरवलं, आणि ती वाटही गाठीबरोबर काढणार आहेत. छाती आणि मणका क्लिअर आहे. आता सोमवार ते शुक्रवार रेडिएशनचा शेक, ५ आठवड्यांत २५ वेळा. ही जात शेकाने चांगली आकसते. नंतर काही आठवडे थांबून ऑपरेशन. पाय राहणार आहे. टाटा उत्तमच आहे, पण अर्ध्यात डॉक्टर बदलू नये. शिवाय इथे बिल नाही.

एक प्रकार मात्र मला अजून झेपलेला नाही. मोठे डॉक्टर आपल्या नेहमीच्या डॉक्टरला पत्र लिहितात आणि त्याची प्रत पेशंटच्या घरी टपालाने येते. सुरुवातीलाच, "या सुस्वभावी तरुणाला माझ्याकडे पाठवल्याबद्दल आभार." अहो, मी दहा मिनिटं बसलो होतो, त्यातली पाच गप्प! रूममेट म्हणतो, सगळ्यांनाच लिहितात, भांडून आला तरी. आणि खाली त्याच गोड सुरात गाठीचं नाव, मापं, सगळं. आपल्याकडे पेशंटला बाहेर बसवून वडिलांना आत बोलावतात. इथे तोंडावर सांगतात, वर पोस्टमनही आणून देतो. ते पत्र मी आईच्या पोथीत ठेवलंय, जी तू बळेच बॅगेत कोंबली होतीस.

ऑपरेशनला येऊ नका. बाबांचे गुडघे, त्यात ही थंडी. पोळ्या मला येतात आता, गोल सोडून सगळ्या आकाराच्या.

पगार चालू आहे. घराचा हप्ता १० तारखेला पाठवतो, दोन-तीन महिने थोडा कमी पडेल. छोटीच्या फीच्या पैशांना हात लावू नका, मी बघतो.

कराडच्या स्थळाशी पत्रिका जुळली म्हणालीस. आई, मुलीच्या वडिलांना सगळं सांगा. "पायाचं छोटंसं ऑपरेशन" नव्हे, नाव घेऊन. पुढे काही वर्षं दर थोड्या महिन्यांनी छातीची तपासणी असते, ती तिला लग्नानंतर कळायला नको. तुम्हाला परक्याच्या ओसरीवर हे बोलायला लावतोय, त्याची लाज वाटते. जमत नसेल तर मला नंबर पाठवा, मी बोलतो.

तुमचा,
अमोल