रात्रीच्या युनिटचा भाव आधी काढा

महोदय,

छतावर सौर पॅनेल बसवून वीजजोडणी तोडून टाकली की विजेचा खर्च कायमचा संपतो, असा अनेकांचा समज आहे. पाच वर्षे अशाच यंत्रणेवर घर चालवल्यानंतर हा समज बरोबर नाही, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. दिवसाची वीज स्वस्त पडते, हे खरेच; पॅनेल पंचवीस वर्षे टिकतात आणि त्यांना पुसण्याखेरीज फारसे काही लागत नाही. सगळा खर्च दडलेला असतो तो रात्रीच्या विजेत, कारण ती बॅटरीत साठवून ठेवावी लागते.

घरोघरी दिसणारी १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी घ्या. तिच्यात कागदोपत्री १.८ युनिट मावतात (१२ × १५० = १,८०० वॅट-तास; हजार वॅट-तास म्हणजे एक युनिट). पण तिचे आयुष्य राखायचे तर निम्म्याहून अधिक वीज काढू नये, म्हणजे हाती ०.९ युनिट येते. रोज एवढी वीज काढून ती सुमारे १,२०० वेळा भरली-रिकामी झाली असे धरले, तर सव्वातीन वर्षांत ती १,०८० युनिट देते आणि इन्व्हर्टरमधील घट वजा जाता हजाराच्या आसपासच उरतात. बॅटरीच्या किमतीला हजाराने भागा आणि येणारा आकडा आपल्या वीजबिलातील दराशेजारी मांडून पाहा. पॅनेल, इन्व्हर्टर आणि चार्ज कंट्रोलर (बॅटरीचे चार्जिंग नियंत्रित करणारे उपकरण) यांचा खर्च तर यात धरलेलाच नाही.

हे आयुष्यही नीट निगा राखली तरच मिळते. माझ्या चार बॅटऱ्यांपैकी एकीतले पाणी उन्हाळ्यात प्लेटांच्या खाली गेले, उघड्या पडलेल्या प्लेटा पांढुरक्या झाल्या आणि एकाच माळेत जोडलेल्या बाकीच्या तिघीही तीन वर्षे व्हायच्या आत निकामी झाल्या. दर महिन्याला डिस्टिल्ड वॉटरची पातळी तपासावी लागते, हे विक्रेत्याने एका शब्दानेही सांगितले नव्हते.

शिवाय सलग ढगाळ दिवसांचा विचार करून यंत्रणा मोठी घ्यावी लागते आणि मग स्वच्छ उन्हाच्या दिवशी दुपारपर्यंत बॅटरी भरली की पुढची वीज वायाच जाते. जोडणी कायम ठेवून नेट मीटरिंग घेतले असते, तर हीच वीज ग्रिडला जाऊन बिलातून वळती झाली असती. पाण्याचा पंप, धुलाईयंत्र, इस्त्री ही कामे उन्हातच उरकल्याने माझा बॅटरीवरचा भार बराच हलका झाला, हे मात्र नमूद करतो.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतून ८० टक्क्यांहून अधिक वीज काढता येते आणि ती काही हजार वेळा भरता येते; सुरुवातीची किंमत जड असली तरी युनिटमागे ती बहुधा परवडते. जिथे खांब आणि तारा आणण्याचाच खर्च भारी आहे किंवा डिझेल जनरेटरशिवाय पर्याय नाही, तिथे स्वतंत्र सौर यंत्रणा नक्कीच पैसे वाचवते.

माझी मागणी एवढीच आहे की, विक्रेत्यांनी कोटेशनमध्ये केवळ पॅनेलचे किलोवॅट न लिहिता बॅटरी तिच्या आयुष्यात एकूण किती युनिट देईल आणि ती कितव्या वर्षी बदलावी लागेल, हेही लेखी द्यावे.

– एक वीजग्राहक